मेंदीच्या मुळांशी

बारवीच्या रस्त्यावरील त्या फार्महाऊसभोवती नव्याने लावलेली मेंदी सगळीकडे चांगली धरली होती. केवळ ऐनाच्या झाडासमोर, कोपऱ्यावरची पाच-सहा रोपे पिवळी पडून माना टाकून उभी होती. मालकीण किर्ती त्यांच्यापुढे उकिडवी बसली. एका रोपाच्या बुडाशी तिने बोट खुपसले, तर ते अर्धेअधिक चिखलात गेले.

"काका, इथे एवढं पाणी कोण घालतं?"

शेंडे खुडणाऱ्या देऊने कात्री मिटली. तेथला राखणदार तोच, माळीही तोच. उत्तर त्याला ठाऊक होते. परंतु ते उत्तर झारी घेऊन त्याच्या पाठीशीच उभे होते.

"मी घालते, ताई," त्याची बायको तुळशी म्हणाली. "सकाळी एकदा, ऊन कललं का परत एकदा."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना तुमी सांगितलं तसं. एक दिवस आड."

"म्हणजे लाड फक्त यांचेच?" किर्ती हसली. "काकू, लाडानेच मारलंत तुम्ही यांना. मुळं कुजली बघा."

तुळशीच्या हातातली झारी कलली आणि पाणी तिच्याच पायांवर सांडत राहिले.

"काका, ही उपटा. गुडघाभर खणा, ही सगळी माती ओढ्यात टाका आणि नवी लाल माती भरा. रोपं मी दुपारपर्यंत मागवते." एवढे सांगून किर्ती बंगल्यामागच्या निळ्या हौदाकडे गेली. तिची मुले तेथे डुंबत होती.

देऊने पहार उचलली. तुळशी रोपांच्या आड येऊन उभी राहिली.

"पहार लावू नका हितं. त्याला लागंल."

देऊने पहार खाली ठेवली.

त्यांच्या पाड्यावर तान्हे मूल गेले, तर त्याला जाळीत नाहीत, पुरतात. पुरायला पुरुष जातात. बाया उंबऱ्याच्या आत थांबतात. जागा आईला कोणी सांगत नाही आणि आईने ती विचारायची नसते, नाहीतर ती तेथेच जाऊन बसेल, असे जुनी माणसे म्हणत. आपले तान्हे गेल्यापासून तुळशीने ही रीत कितीतरी पावसाळे पाळली होती. त्यानंतर तिची कूस पुन्हा भरली नाही, तरी पाळली. पुढे त्यांचे शेत विकले गेले, त्यावर बंगला उठला, आणि मेंदी लावण्यासाठी देऊ दोरी ताणीत असताना तिने पहिल्यांदाच विचारले होते, "आता तरी सांगा. कुठं ठेवलाव त्याला?"

त्याला जेथे ठेवले होते, तेथे तोवर निळ्या फरशांचा हौद झाला होता. जेसीबीने ती जमीन उपसली, तेव्हा देऊ टोपी हातात घेऊन कडेला उभा होता आणि कोणास काही बोलला नव्हता. तो हौद बायकोला दाखवणे त्याच्याने होईना. म्हणून त्याने दोरीच्या टोकाकडे, ऐनासमोर बोट केले होते. तेथे निदान तिचा हात पोहोचला असता.

"हितं काय नाय," एवढे म्हटले, तर आता तिचा जीव भांड्यात पडला असता. पण तिचा पुढचा प्रश्न कोणता असेल, हेही त्याला कळत होते.

"पहार नाय लावत," तो म्हणाला. "हातानं काढतो."

तो गुडघे टेकून बसला. रोपे अलगद निघाली. त्यांची मुळे काळी पडून गळत होती. ओली माती तो ओंजळीने उपसू लागला. तुळशी खड्ड्याच्या काठावर बसून प्रत्येक ओंजळ डोळ्यांनी तपासत होती. कोपरभर खाली गेल्यावर मुरूम लागला, मग विटांचे तुकडे आले, मग सिमेंटच्या गोणीची एक फाटकी चिंधी. ही बांधकामाच्या वेळी टाकलेली भर होती. जुनी जमीन तिच्या कितीतरी खाली होती. देऊचे हात थांबले. जन्मभर मातीत राबलेली बाई आता काय ते ओळखणार, असे त्याला वाटले.

"ह्या विटा कुनी टाकल्या त्याच्यावर?" तुळशीने विचारले.

"बांधकामवाल्यांनी."

"आणि तुमी बघत होतात?"

"व्हय," देऊ म्हणाला.

तिने चिंधी उचलून दूर फेकली आणि घमेले ओढून घेतले. "ओढ्यात नाय टाकायची ही. ताईंना काय सांगायचं ते सांगा."

एकेक घमेले भरून तिने ती माती आपल्या खोलीमागे नेली. देऊ भरून देत होता, ती वाहत होती. सगळी माती गेल्यावर बराच वेळ ती परतली नाही, तेव्हा तो हात न धुताच तिच्यामागे गेला.

गोणपाटावर माती पसरून, पाय लांब करून ती उन्हात बसली होती. तांदूळ निवडावेत तसे त्या मातीतले विटांचे तुकडे वेचून ती बाजूला टाकीत होती.

"एवढे दिस टोचत असंल त्याला," ती म्हणाली. "आणि मी वरून नुसतं पाणी घालते."

बंगल्यामागून मुलांच्या हसण्याचा आवाज आला, आणि कोणीतरी हौदात उडी घेतली.

देऊ तिच्यासमोर मांडी घालून बसला, मातीचा एक ढीग त्याने आपल्याकडे ओढला आणि तो खडे निवडू लागला.

"बारकेबी काढा," तुळशी म्हणाली.