मुठीखालचा भाग

"मॅडम, बघाच आता गंमत," म्हणत कारकुनाने आपली काठी मागच्या भिंतीला टेकवली आणि तिच्यावर जुना पडदा टाकला. वाकडी मूठ तेवढी बाहेर ठेवली.

बसच्या मुख्य कार्यालयात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर तो सहा वर्षं होता. लोकांना वस्तू परत मिळत नाहीत, अशी तक्रार वरपर्यंत गेली होती, म्हणून आज खुद्द मॅडम शेजारी येऊन बसल्या होत्या. त्यांचं समाधान झालं नाही, तर उद्यापासून तळघरातल्या फायली. पाय अधू, त्यात ते जिने. कारकून मनातून पार हादरला होता.

"निम्मे लोक फुकटे असतात हो! म्हणून माझा नियम साधा. झाकलेला भाग जो सांगेल, त्याची वस्तू."

पहिला आला एक टायवाला. छत्री हरवलीय म्हणाला. कारकुनाने मुठीकडे बोट दाखवलं.

"हीच माझी! काळं कापड, एक काडी वाकलेली."

टेबल धरत धरत जाऊन कारकुनाने पडदा वीतभर खाली ओढला. ना कापड, ना काडी. टायवाल्याने काढता पाय घेतला.

"छत्री शोधणाऱ्याला नुसत्या मुठीतही छत्रीच दिसते," कारकून खुशीत म्हणाला.

मॅडम मनापासून हसल्या. "काठी छान आहे तुमची."

"आजोबांची. तीन पिढ्या घरात आहे."

तेवढ्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. त्यांचीही छत्रीच हरवली होती. कारकुनाने पुन्हा बोट दाखवलं. बाईंनी चष्मा नीट केला आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"ही कुठली छत्री? काठी आहे ही."

"शाबास, मावशी! बघा मॅडम, खरं बोलणारं माणूस." कारकुनाला चेव चढला. "आता झाकलेलाही भाग सांगा!"

"सांगते की. टोकाला सायकलच्या मुठीचं हिरवं रबर आहे. घसरू नये म्हणून आमच्या ह्यांनी बसवलेलं. गेल्या वर्षी बसमध्ये राहिली. चारदा विचारायला आले, तुम्ही नाही म्हणालात. ते बिचारे अजून माझा खांदा धरून चालतात."

कारकुनाने टेबल घट्ट धरलं.

मॅडम उठल्या. त्यांनी पडदा पुरता काढला आणि वाकून बघितलं.

"तुमच्या आजोबांकडे सायकल होती वाटतं?"