धोट्याची लादी

स्वप्नीलने बादलीतलं ॲसिड लादीवर ओतलं, तशी ती फसफसली. शेवाळ पिवळं पडून सुटलं. गॅलरीतून बघणाऱ्या मीराबाई मात्र कठड्यावरून ओणवल्या. शेवाळाबरोबर, शेजारच्या दौलतने कधीकाळी लादीवर कोरलेली फुलीही धुऊन निघाली होती.

"थांब रे झिला!" गुडघ्यांना शिव्या घालत त्या जिना उतरल्या.

आदल्याच दिवशी वैशालीवहिनी चाळीच्या अंगणात घसरून आपटल्या होत्या. गणपती तोंडावर आलेला आणि मूर्ती याच वाटेने यायची. तेव्हा शहाबादी लाद्या लख्ख झाल्या पाहिजेत, असा मंडळाने हुकूम सोडला होता. स्वप्नील बँकेत कॅशियर, पण रविवारी मंडळाचा बिनपगारी हमाल. त्याला सगळं झटपट उरकायचं असे.

"जिन्याकडची लादी मी घासतलंय. तिका ॲसिड नको."

"आजी, खाली बसलात तर उठवणार कोण? पाच मिनिटांचं काम आहे."

"माज्या घोवाची जागा ती. त्याचो धोटो हा तिच्यावर."

गिरण्या चालू होत्या तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. पुरुषमाणसं अंगणात झोपत, आणि आपली लादी दुसऱ्याने बळकावू नये म्हणून तिच्यावर खिळ्याने खूण कोरत. कुणाची फुली, कुणाचा मासा. मीराबाईंचा नवरा दगडू विणकर, त्याने मागावर आडवा धागा नेणारा धोटा कोरला होता. गिरणी गेली, मग माणूसही गेला. त्याच्या हातचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, तेही कित्येक वर्षं शेवाळाखाली गडप.

मीराबाई फतकल मारून बसल्या. धुण्याचा सोडा शिंपडून त्यांनी काथ्या चालवला. वरचं हिरवं चटकन निघालं. खाली पांढुरक्या दगडफुलाच्या खपल्या घट्ट बसल्या होत्या. त्या करवंटीच्या कडेने हलकेच सोडवाव्या लागत.

"मसाल्याला ठेवू का हे?" स्वप्नीलने विचारलं.

"तुज्या सासूक दी."

अर्धी लादी झाली. खूण नाही. मीराबाईंचा काथ्या थांबला. लादी चुकली की काय? की दौलतच्या फुलीसारखाच धोटाही पुसला गेला? पण जागा विसरायची कशी? रोज भल्या पहाटे कळशी घेऊन त्या इथूनच नळावर जायच्या. दुसरी पाळी करून आलेला नवरा ढाराढूर झोपलेला. त्याची झोप मोडू नये म्हणून टाचा उचलून, चवड्यांवर चालायच्या. वर श्वास धरून. खोलीत दहा माणसं, तिथे कसलं बोलणं! दिवसातली तेवढीच काय ती भेट, आणि तीही एकतर्फी.

स्वप्नीलने ॲसिडची बादली लांब सरकवली, उकिडवा बसला आणि त्यांच्या हातातला काथ्या घेतला. उरलेला कोपरा तो सावकाश घासू लागला.

दोन्ही टोकांना निमुळता धोटा हळूहळू वर आला.

"गावलो!" मीराबाईंनी त्याच्यावर तळवा ठेवला. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"आजी, हात काढा जरा. बाजूला अजून काहीतरी आहे."

करवंटीने आणखी एक खपली उडाली. धोट्याला लागून एक कळशी कोरलेली होती. कळशीच्या खाली दोन पावलं. टाचा वर उचललेल्या, नुसते चवडे टेकलेले.

"ही कुणाची खूण?"

मीराबाई बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून नव्या नवरीसारख्या हसल्या.

"म्हणजे जागो असायचो मेलो!"