बिनवासाचा चुना

तिचा नवरा वेल्डर होता. त्याच्या कारखान्यात कार्बाइडवर पाणी सोडून गॅस बनवायचे आणि तळाशी उरलेला चुना फेकून द्यायचे. तोच बादलीभर त्याच्याकडून मागवून ती दर वर्षी घराच्या भिंती रंगवायची. चुना किंचित करडा असायचा, आणि सुकेपर्यंत घरभर लसणासारखा वास मारायचा. यंदा बादली उघडली, तर आत पांढराशुभ्र चुना. तिने नाक जवळ नेलं. वासाचा पत्ता नाही.

"अहो, हा असा कसा?"

"हल्ली कार्बाइड चांगलं येतं. वास भेसळीचा असतो, गॅसचा नाही," चपला घालता घालता तो म्हणाला.

तिला ते पटलंही आणि नाहीही. दोन भिंती झाल्या आणि चुना संपला, तशी ती रिकामी बादली घेऊन थेट कारखान्यावर गेली. दाराला कुलूप. आपलीच गल्ली चुकली की काय, म्हणून ती पुढे जाऊन परत आली.

शेजारचा शिंपी म्हणाला, "वहिनी, तीन महिने झाले की बंद पडून."

म्हणजे चुना दुकानातून विकत आणलेला. मग हा माणूस रोज सकाळी जातो कुठे?

संध्याकाळी तो आला, तेव्हा तिने नेहमीसारखं ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने डब्यासाठी हात पुढे केला. डबा भरलेला होता, पण तिने दिला नाही.

"आजपासून घरीच जेवा," ती म्हणाली. "कुठल्या झाडाखाली बसून खाता, देव जाणे."