रोज एक दिवा

सयाजीच्या पत्राला जोतीरामांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं.

पत्र मागच्या डिसेंबरात इस्रायलहून आलं होतं. त्यांचा मुलगा सयाजी तिकडे हैफात एका म्हाताऱ्याची देखभाल करायला होता. फोनवर जोतीरामतात्यांच्या तोंडून ‘बरं, बरं’पलीकडे शब्द फुटत नसे, म्हणून पोरगं मुद्दाम पत्र लिहायचं.

संध्याकाळी फिरायला निघालो, त्यानं लिहिलं होतं, तर एका खिडकीत एकच दिवा तेवत होता. मला वाटलं, घरात कुणीतरी गेलं. ज्योतीचं तोंड दक्षिणेला आहे का, तेही वाकून बघितलं. दुसऱ्या दिवशी तिथंच दोन दिवे, तिसऱ्या दिवशी तीन. मी हबकलोच, घरात साथ आली की काय! मी सांभाळतो ते आजोबा हसत सुटले. म्हणाले, हा आम्हा ज्यू लोकांचा हनुका सण. आठ दिवस रोज एक दिवा वाढवायचा, रस्त्यानं जाणाऱ्याला दिसेल असा.

खाली एकच ओळ होती. तात्या, इथं मन लागत नाही, परत येऊ का?

जोतीरामांचा जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेलेला. ते ‘ये’ लिहायचे, मग वाटायचं, इथं येऊन पोरगं करणार काय? ‘येऊ नको’ लिहायचे आणि कागद फाडायचे.

या डिसेंबरात मात्र शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या खिडकीत पणती लागली. पत्नी मथुराबाई कॉटवरून बघत होत्या. कंबर मोडल्यापासून त्यांना उठता येत नव्हतं.

“ह्यो कसला दिवा?”

“सयाजीनं लिहिलं होतं की. त्यांच्यातला सण.”

“आता सुचलं व्हय तुमाला!”

तेल सरू नये म्हणून जोतीराम घडीघडी उठत. शेजारची महानंदा उंबऱ्यावरूनच डबा देई. “काका, दोन घास तरी खावा,” एवढंच हळू म्हणून वळे.

“ही रोज डबा कशापायी देती?” मथुराबाईंनी विचारलं.

“माझ्या हातचं पिठलं गिळवतंय का तुला?”

“ते बी खरंच,” मथुराबाई म्हणाल्या.

पाचव्या संध्याकाळी मात्र त्या हटूनच बसल्या. “पत्र लिवा.”

“उद्या लिहितो.”

“उद्या उद्या करत वरीस घालवलं. आत्ता लिवा. माझ्यासमोर.”

जोतीरामांनी कागद घेतला. “काय लिहू?”

“कपाटभर पुस्तकं वाचली, अन् येक शब्द मला इचारता? ‘ये’ म्हनून लिवा.”

त्यांनी लिहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पाकिटावर पत्ता घातला, तिकिटं डकवली आणि काठी टेकत कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. पाकीट पेटीच्या तोंडाशी धरून बराच वेळ उभे राहिले. मागून कुणी रिक्षावाला ओरडला तेव्हा हातातलं पाकीट सुटलं.

घरी येऊन त्यांनी आधी पणतीत तेल घातलं.

“टाकलं?”

“टाकलं.”

“बरं झालं. त्याचं त्याला उत्तर गेलं.” मथुराबाई दिव्याकडं बघत राहिल्या. “त्यांच्या सणात रोज येक वाढतो. आपल्यात पाच दिवस झालं, येकच हाय.” त्यांनी वाकळ गळ्यापर्यंत ओढली. “आता ज्योतीचं तोंड दक्षिणेला करा.”