खुंटीवरची गाठ

मचव्याचं सुकाणू हेलनच्या हातात देऊन तिचा नवरा रुडॉल्फ पाणी प्यायला पुढे गेला. तेवढ्यात तिने शेजारच्या खुंटीवरच्या दोराला गाठ मारली. माहेरी न्यायच्या बोचक्याला मारतात तशी, दुहेरी. तो परत आल्यावर ती आपल्या जागी निघाली आणि जाताजाता, पदराआड, डोलकाठीजवळच्या खुंटीलाही मारली.

अर्नाळा सुटल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाकीच्या मचव्यांना इंजिनं लागली होती, तिच्या नवऱ्याच्या मचव्याला अजून शीडच. मागचा दोर त्या शिडाचं टोक ताणून धरत होता, पुढचा शिडाची लांब काठी वर. दोन्ही खुंट्यांवर नुसते गुंडाळलेले. निसटले तर? फर्डिनंड खलाशाला तिने विचारलंही होतं. तो हसला. धरायला खिळा पन पुरतो वयनी, म्हणाला, खुंटी असते ती झटकन सोडायला. हे उत्तर तिला मुळीच पटलं नव्हतं.

वारं आलं ते थपडेसारखं. मचवा कलला, खालची कड पाण्यात गेली. रुडॉल्फने मागच्या दोराला हिसका दिला. दोर हलला नाही. त्याने कोयता उचलून घाव घातला. दोर सुटला, आणि जाताना कोयताही हातातून समुद्रात घेऊन गेला. शीड फडफडलं. मचवा सावरला.

“गाठ कोनी मारली?”

फर्डिनंडने एकदा हेलनकडे पाहिलं. “मी,” तो म्हणाला आणि काठी उतरवायला डोलकाठीकडे धावला. रुडॉल्फने त्याच्या सात पिढ्या काढल्या.

गप्प बसली असती तर निभावलं असतं. त्या पुढच्या खुंटीपर्यंत.

“फर्डिनंडभाऊ,” हेलन म्हणाली, “तिथं पन मीच मारलीय.”

ओली गाठ फुगून दगड झाली होती. फर्डिनंडने नखं लावली, मग दात लावले. पश्चिमेला पाण्यावर दुसऱ्या वाऱ्याची काळी रेघ उमटली होती. ती पोहोचायच्या आत काठी खाली आली नाही, तर मचवा उपडाच होणार होता. मागे रुडॉल्फ हेलनकडे न बघता सुकाणू दाबून धरून होता. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

हेलन रांगत गेली. अंबाड्यातला आकडा काढून तिने गाठीत खुपसला. केस डोळ्यांवर आले.

“वयनी,” फर्डिनंड दोर तोंडातून काढून म्हणाला, “बोचकं बांधावं ते तुमीच.”

गाठ तांदळाच्या दाण्याएवढी सैल झाली. काळी रेघ आता रेघ राहिली नव्हती. तिच्यातला पांढरा फेस दिसायला लागला होता.