दुसरी पिचर

रेश्माच्या पत्राला कोच पठारे सरांनी उत्तर दिलंच नव्हतं. संगमनेरच्या कॉलेजसाठी सॉफ्टबॉलच्या सगळ्या मॅचेस एकटीने पिचिंग करून, म्हणजे बॉल टाकून, तिचा खांदा कायमचा गेला होता. 'सर, दुसरी पिचर का नाही तयार केलीत?' एवढंच तिने विचारलं होतं.

आज फायनलमध्ये टीम पुढे असताना पिचर अंजुम खांदा चोळताना दिसली, तसे सर मैदानात गेले.

"बॉल सृष्टीला दे."

"सर, ती लई हळू टाकती. हातातली मॅच जाईल!"

"तुझ्या वेगाची सवय झालीय समोरच्या बॅटर्सना. तिचा हळू बॉल लगेच कळायचा नाही. आणि कळला तर कळला."

शेवटच्या इनिंगला तो कळला.

घरी जाताना थकलेल्या सरांनी पोस्टाच्या पेटीत कार्ड टाकलं: 'रेश्मा, आज हरलो. पिचर दोघी होत्या. दोघींचे खांदे शाबूत आहेत.'