जागा भरली आहे

"सुनेच्या फोनवर विचारणा गेली तर चालेल?" एलियासनं विचारलं. "तिनं नुसतं 'होय' दाबलं की खातं उघडेल."

"नको." सगुणाबाय पटकन म्हणाली. "तिला कलाया नको. दुसरी वाट बघ."

एलियासनं मान हलवली आणि परत फोनात डोकं घातलं. रामवाडीच्या त्याच्या अरुंद मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात दुपारचा उजेड मळक्या पाण्यासारखा साचला होता. बाहेर हायवेवर ट्रेलर धडधडत जात होते आणि काउंटरच्या काचेवर धूळ बसत होती.

फोन मितेशचा होता. सगुणाबायचा एकुलता एक मुलगा. धरमतरला बार्जवर कामाला होता, गेल्या शिमग्याच्या आधी बार्जवरून खाडीत पडून गेला. बातमी कळली तेव्हा एलियास तिच्या दारात जाऊन बसला होता. ती त्याच्या घरी मासळी घेऊन यायची, त्याची बायको मिरियम जिवंत होती तेव्हापासून. बोय, जिताडा, खवल्यांची मासळी तेवढी आणायची. कोलंबी, चिंबोरी तिनं त्या दारात पाटीबाहेर कधी काढली नाही. ह्या ज्यू लोकांना ती चालत नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

"नेमकं झालंय काय, बाय?"

"सुनेचा, किमयाचा नवा फोटो काढला. बसला नाय. जागा भरली, असा फोन बोलतो."

"भरणारच. ही जागा फोनातली नाही, खात्यातली. दोन्ही फोनांत फोटोंचं खातं एकच, मितेशचं. ह्या फोनावर ते बंद पडलंय, तिच्याकडं चालू आहे." मग तो म्हणाला, "तिलाच पाठवायचंस की. दोन मिनिटांचं काम."

"ती कंपनीत गेलीय, डोलवीला. घरी आली का मितेशच्या फोटोंतच बसते. जेवन निवतं, तरी बसते. हसते पन एकटीच."

मिरियमच्या आवाजातला एक निरोप एलियासच्याही फोनात होता. 'येताना कोथिंबीर आण' एवढाच. लेक शीरा इस्रायलहून फोन करून दटावायची, "पप्पा, रोज रोज ऐकू नका." तो हो म्हणायचा आणि ऐकायचा.

"ह्या नंबरावर आकडे मागवतो. पण नंबर चालू पाहिजे."

"चालू हाय. मी मरू दिला नाय त्याला."

ही बाई अख्खं वर्ष मेलेल्या मुलाच्या नंबरात रिचार्ज भरत होती. आता काही झालं तरी खातं उघडायचंच, असं एलियासनं मनाशी धरलं.

पहिल्यांदा संदेश आलाच नाही. त्यानं सिम काढलं, सदऱ्याला पुसलं, परत बसवलं. सगुणाबाय पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. मग फोन थरथरला. त्यानं आकडे टाकले, आणि काचेवर एकदम चेहरेच चेहरे उगवले.

मितेश बार्जच्या कठड्यावर. मितेश तोंडात घास घेऊन, "किमू, बंद कर गो तो फोन," म्हणून ओरडणारा. मितेश झोपलेला, आणि चित्रण करता करता किमयाचं दाबलेलं हसू. मग हळदीचा मांडव, आणि त्यातून उठलेला एक भरदार आवाज:

*भरतीचं पानी गो, उंबऱ्याशी आला,*
*सुनेचे पावलांनी, चांद घरा आला...*

"हा लग्नातला धवला तूच गायलेला ना, बाय?"

"व्हय. तवा गला व्हता." तिनं मान वळवली. "पुरे. बंद कर."

एलियासनं आवाज बंद केला आणि डोळे पुसले. मग कामाचं बोलू लागला. "हे बघ, ह्यातलं फोनात काहीच नाही. मितेशनं सगळं वर चढवून फोन मोकळा केला होता. वर टाकी आहे असं समज, आणि हे दोन फोन म्हणजे तिचे दोन नळ."

"आनि टाकी रिकामी केली तं?"

"दोन्ही नळ कोरडे. म्हणून तर आधी सगळं कार्डात उतरवून देतो. कार्ड तुझ्याजवळ ठेव. मग जागा कशी करायची ते बघू."

"सगला उतरल?"

"एकूण एक. असं निवडायचं सगळं." त्यानं बोट फिरवलं. प्रत्येक मितेशवर निळी खूण उमटत गेली. "आता ह्या बाणावर दाबलं की खाली उतरतं. आणि ही कचऱ्याची टोपली. हिला बोट लावू नकोस."

"म्हंजे हीच ती?"

"हीच. हिच्यात गेलं की तिकडं किमयाच्या फोनातूनही गेलं." तो हसला. "घाबरू नकोस. मी आहे ना."

कार्ड मागच्या फडताळात होतं. स्टुलावर चढून त्यानं डबा खाली घेतला, धूळ फुंकली. "लेकाचा आवाज आता कुठं जात नाही बघ," असं पाठमोराच म्हणाला.

वळला तेव्हा काच पांढरी होती. कोरी.

"अगो बाय! काय केलंस हे!" डबा त्याच्या हातून सुटला. "थांब, रडू नकोस. चुकून लागलं बोट, होतं असं. टोपलीतलं अजून परत काढता येतं, सगळंच्या सगळं काढून देतो..."

सगुणाबाय रडत नव्हती. तिनं आपला खरबरीत तळवा फोनाच्या काचेवर आडवा ठेवला.

"नको काढू, भाऊ. टोपली पन रिकामी कर. उद्या रोह्याची मानसा किमयाला बघायला येतान."